ज्योत्स्नाबाईचे गुरुवार

"जेवल्यावर तुम्हाला नेमकं काय होतं?" त्या तरुण डॉक्टरणीनं सहज विचारलं आणि ज्योत्स्नाबाईची बोलती बंद झाली. तोवर सगळी उत्तरं तिनं धडाधड दिली होती. नाव ज्योत्स्ना, माहेर धर्मापुरी, सासर तलवाडा, राहायला बीडात, नोकरी एसटीत कंडक्टर, वय शेहेचाळीस. भरल्या गाडीत "पुढं सरका, पुढं सरका" करून जिचा घसा तयार झालेला, तिला बोलायचं काय वावडं? पण ह्या एका प्रश्नावर ती नुसती डॉक्टरणीच्या तोंडाकडं बघत राहिली. आयुष्यभर लोकांनी तिला जेवलीस का, का नाही जेवलीस, एवढंच का जेवलीस, कुणावर रुसून उपाशी बसलीस, असं हजार तऱ्हांनी विचारलं होतं. जेवल्यावर काय होतं हे मात्र एका माणसानं विचारलं नव्हतं. ज्योत्स्नाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्याचा तिला स्वतःलाच राग आला. हॉस्पिटलात यायचं कारण काळीज, रडायचं कारण जेवण, असला कसला गं बाई आपला कारभार, असं तिच्या मनात आलं.

काळजाचं प्रकरण तसं सरळ होतं. मांजरसुंब्याच्या घाटात चढणीला तिकिटं फाडता फाडता, म्हणजे मशीनमधून काढता काढता, तिच्या छातीत धडधड सुरू झाली आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. त्रिंबक ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. दोन बायांनी तिला मागच्या लांब सीटवर आडवी केली, तशी ती ताडकन उठून बसली. "आडवं नका करू गं, जीव जातोय माझा!" मग तपासण्या झाल्या आणि निघालं काय, तर हृदयाच्या आतल्या भिंतीला जन्मापासून भोक आहे. ऑपरेशन करायचं ठरलं. बार्शी रोडवरच्या ह्या हॉस्पिटलात नाव घातलं, आणि ऑपरेशनआधी छातीचा एक मोठा फोटो काढला. तो फोटो कॉम्प्युटरवर बघत बघतच ही डॉक्टरीण, छातीवरच्या पट्टीवर डॉ. चैताली असं नाव असलेली, मध्येच थांबली होती आणि जेवणाचं विचारून बसली होती. काळजाच्या डॉक्टरला भाकरीशी काय देणंघेणं, हे ज्योत्स्नाबाईला कळेना.

"मॅडम, हसनार न्हाई ना?" तिनं आधी वचन घेतलं. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "खाल्लेलं खाली ऱ्हात न्हाई. वर येतं. उलटी न्हाई, तसं न्हाई. हितं, ह्या हाडाच्या मागं येऊन बसतं. दाटतं. वाकलं की लईच. अन मग बोलतं." "बोलतं?" "गुडगुड करतं. पोट बोलतं ना, तसं छातीत बोलतं." हे सांगून ती वाट बघत राहिली. इथं माणसं हसत. कुणी डोक्याला हात लावत, कुणी गॅसच्या गुलाबी गोळ्या लिहून देत, कुणी टेन्शन घेऊ नका म्हणत. डॉ. चैताली हसली नाही. तिनं कॉम्प्युटरचा पडदा ज्योत्स्नाबाईकडं फिरवला आणि पेनाच्या टोकानं दाखवलं. "हे तुमचं हृदय. आणि त्याच्याशेजारी हे काळं, हवेनं फुगलेलं दिसतंय ना, ते तुमचं आतडं आहे. छाती आणि पोट यांच्यामध्ये मांसाचा एक पडदा असतो. तुमच्या पडद्याला पुढच्या बाजूला, छातीच्या हाडाच्या बरोबर मागं, जन्मापासून भोक आहे. त्यातून आतडं वर चढलंय. तुम्ही म्हणताय ते खरं आहे, बाई. तुमचं पोट खरोखरच छातीत बोलतंय."

दुसरी एखादी असती तर तिथंच गळाठली असती. एक भोक दाखवायला आली आणि दोन घेऊन निघाली, म्हणून तिनं कपाळावर हात मारून घेतला असता. ज्योत्स्नाबाईला आनंद झाला. होय, आनंद झाला, खोटं कशाला बोलायचं! पायाच्या तळव्यापासून एक गरम लाट निघाली ती पार कानांच्या पाळ्यांपर्यंत आली. खरं आहे. आपण म्हणत होतो ते खरं आहे. तिनं कॉम्प्युटरवरच्या त्या काळ्या डागाकडं असं बघितलं की जणू हरवलेलं माणूस स्टॅंडवर सापडावं. तुम्ही म्हणताय ते खरं आहे, बाई. हे वाक्य तिनं मनातल्या मनात पुन्हा म्हणून बघितलं, आणि पुन्हा. मग तिनं डॉक्टरणीला विचारलं, "ह्याची एक फिलिम मला घरी न्यायला मिळंल का? आमच्या सासूबाईंना दावायचीय."

सासूबाई म्हणजे केशरबाई. ही बाई साधीसुधी नव्हे. छप्पन साली तिच्या बापानं धम्म घेतला तेव्हा ती परकरी पोर होती. घरातले सगळे देव टोपल्यात भरून बाप गोदावरीवर निघाला, तेव्हा टोपल्याचा एक कान तिनं धरला होता. पाण्यात देव बुडताना बघून तिची आजी रडली आणि ही पोर हसली, असं ती अजून सांगते. पुढं लग्न होऊन तलवाड्याला आली, नवरा आश्रुबा गेला, पोराच्या मागं बीडला आली, पण घराच्या उंबऱ्याची राखण तिनं कधी सोडली नाही. शेजारणीनं दिलेला प्रसादसुद्धा ती "आमी खात न्हाई" म्हणून तोंडावर परत करी. "मागल्या दारानं देव आत येत्यात," ती म्हणे, "पुढल्या दारानं याची त्यांची हिंमत न्हाई." आणि अशा घरात सून आली ती जेवायलाच तयार नाही!

खरं तर ज्योत्स्नाबाई जेवत नसे असं नाही. बसून, हळूहळू, चिमणीचा घास घेत ती दिवसभरात थोडंथोडं खाई. आईनं लावलेली सवय ती. धर्मापुरीला भिवराबाईनं, म्हणजे तिच्या आईनं, तान्ह्या पोरीच्या छातीला कान लावला होता आणि म्हणाली होती, "हिच्या छातीत कोण पाणी ओततंय गं?" तिनं कुठं औषध बघितलं नाही, कुणाकडं तापल्या सळईचा डाग द्यायला नेलं नाही, पोरीला उशाला गोधड्या रचून बसती निजवायची आणि दोन घासांवर थांबवायची, एवढंच केलं. पण सासरी दोन घासांवर थांबणाऱ्या सुनेला कोण चांगलं म्हणेल? त्यात नोकरी लागली गाडीची. घाटाची फेरी असली की भरल्या पोटी उभं राहणं तिला मरणप्राय होई. वळणावळणाला छातीतलं ओझं असं हाले की श्वास कुठून घ्यायचा तेच सुचत नसे. म्हणून घाटाच्या दिवशी ती सकाळपासून पाण्यावर राही. आणि झालं काय, एका हिवाळ्यात अंबाजोगाईची घाटातली फेरी तिला नेमकी दर गुरुवारी लागली. महिना होता मार्गशीर्षाचा. गल्लीतल्या बाया घट मांडत होत्या, फुलं आणत होत्या, आणि केशरबाईची सून दर गुरुवारी डबा तसाच्या तसा परत आणत होती.

केशरबाईनं दोन गुरुवार बघितलं. तिसऱ्या गुरुवारी तिनं सुनेला उंबऱ्यातच धरलं. "गुरुवार धरलास व्हय गं?" ज्योत्स्नाबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिला हसू आलं, आणि ते हसूच नडलं. "हसती वर! आमी देव सोडले, नदीत सोडले, ह्या हातानं सोडले. अन तू चोरून उपास धरती? कुणासाठी धरती? काय कमी केलं बाबासायबानं तुला?" "आत्या, उपास न्हाई वो. खाल्लं की छातीत जातंय." "छातीत! ऐका. समद्या दुनियेचं पोटात जातं, हिचं छातीत जातं." नवरा सतीश कोर्टाजवळ झेरॉक्सचं दुकान चालवी, दोन्ही डगरींवर हात ठेवून जगणारा गडी. तो बायकोला म्हणाला, "खाऊन घे की बाई दोन घास, तिच्यासमोर," आणि आईला म्हणाला, "असंल तिचं काहीतरी," आणि चपला घालून दुकानाला गेला. तेव्हापासून ती गोष्ट घरात राहिली. भांडण मिटलं, फेऱ्या बदलल्या, वर्षं गेली, पण केशरबाईनं सुनेला विहाराच्या पौर्णिमेला वंदनेच्या पहिल्या ओळीत कधी बसू दिलं नाही. कुणी विचारलं तर म्हणे, "तिचं तिला म्हाईत." मारलेलं माणूस विसरतं, शिव्या दिलेलं विसरतं. पण तू लबाड आहेस असं न बोलता रोज सांगितलं, ताटात भाकरी वाढता वाढता सांगितलं, ते कसं विसरायचं? कधीकधी तर ज्योत्स्नाबाईला स्वतःचीच शंका येई. खरंच का आपलं मन काही धरून बसलंय, जे आपल्यालाच ठाऊक नाही?

म्हणूनच ती फिलिम तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरून रिक्षातून घरी आणली. सतीशनं ती खिडकीच्या उजेडात धरली. केशरबाईनं डोळे बारीक केले, चष्मा पुसला, परत बघितलं. "ह्यात काय हाय? धुकं हाय नुसतं." "आई, हे आतडं हाय बघ. डॉक्टर म्हणल्यात." "डॉक्टर काय, पेशंट म्हणंल तसं म्हणत्यात. आतडं छातीत असतं तर बाई जगली असती का? वीस वर्सं गाडीत उभी ऱ्हायली असती का?" आणि ती उठून भांड्यांकडं गेली. ज्योत्स्नाबाईनं फिलिम गुंडाळून कपाटात ठेवली. तिच्या मनातली गरम लाट एकदम थंड पडली. तिला वाटलं, आता एकच साक्षीदार उरला, ज्याचा हात आत जाईल तो.

तर तो हात होता डॉ. अभिमन्यूंचा. हृदयाचे सर्जन, उंच, कमी बोलणारे, बोलले तरी चष्म्याच्या वरून. त्यांनी सांगून टाकलं, "बाई, आपण हृदयाचं भोक बुजवू. पडद्याचं नंतर बघू. सहा महिन्यांनी पोटाचे डॉक्टर दुर्बिणीतून करतील. इतकी वर्षं ते आतडं तिथं सुखानं राहिलंय, अजून थोडं राहू द्या." ज्योत्स्नाबाईनं मान हलवली नाही. कंडक्टरला नाही म्हणायची सवय असते. "सुखानं ते ऱ्हायलं सायेब, मी न्हाई," ती म्हणाली. डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांनी नीट समजावलं. हृदय उघडं असताना आतड्याला हात लावायचा म्हणजे जोखीम. आतड्याला चुकून जरी इजा झाली तर त्यातली घाण हृदयापाशी, आणि मग सगळंच हातचं जाईल. "मग कापू नका ना, सायेब. नुसतं खाली सरकवा. गाडी डेपोत उभी हाय, बॉनेट उघडलंय, आत दोन बिघाड दिसतायत. तुमी म्हणता एकच करतो, दुसऱ्यासाठी परत आना. मी परत येईन का न्हाई कुणी सांगावं?" सहा महिने म्हणजे काय, हे त्यांना कसं सांगायचं? सहा महिन्यांत केशरबाई गेली तर? आणि आधीच आपण गेलो तर? तर ती बाई विहारात बसून सांगेल, मनानं चांगली होती बिचारी, पण उपास करायची. आणि ते खोडायला कुणी उरणार नाही. मरणाची तिला भीती होतीच, कुणाला नसते! पण ह्या गोष्टीची त्याहून जास्त होती, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

डॉ. अभिमन्यूंनी तिथंच होय म्हटलं नाही. त्यांनी पोटाच्या सर्जन डॉ. प्रियदर्शनींना फोटो दाखवला. त्या बुटक्या, गोल, हसऱ्या बाईनं तो बघताक्षणी म्हटलं, "अहो, छातीचं हाड उघडल्यावर हे भोक तुमच्या समोरच आहे की! दारात आलेल्याला परत कशाला पाठवता? आणि ऑपरेशननंतर तिथं सूज आली, आतडं अडकलं, तर पळत मलाच बोलावणार ना?" दोघांमध्ये बराच खल झाला. शेवटी ठरलं की आधी हृदय. हृदय थांबवून, मशीनवर घेऊन भिंतीला ठिगळ लावायचं, ते परत चालू करायचं, आणि ते गुण्यागोविंदानं चालायला लागलं तरच दुसऱ्या भोकाला हात घालायचा. हृदयानं जरा जरी कुरबुर केली तर छाती बंद. "चालेल?" डॉ. अभिमन्यूंनी विचारलं. ज्योत्स्नाबाई म्हणाली, "चालंल." मग ती स्वतःच्या काळजाला मनातल्या मनात म्हणाली, बाबा रे, तेवढा एक दिवस शहाण्यासारखं वाग.

आणि ऑपरेशनचा दिवस कोणता निघावा? गुरुवार! सकाळी केशरबाई सतीशच्या मागून वॉर्डात आली ती थेट सुनेच्या उशाशी उभी राहिली. पांढरं लुगडं, हातात काठी, चेहरा इस्त्रीचा. शेजारच्या खाटेवरच्या बाईला नाश्ता आला होता आणि ज्योत्स्नाबाईच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता, ऑपरेशनआधी काही द्यायचं नसतं म्हणून. केशरबाईनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि बोलू नये ते बोललीच. "आज बेस्तरवार. आजबी उपाशीच हाय का?" सतीश "आई!" म्हणून ओरडला. ज्योत्स्नाबाईला मात्र असं हसू फुटलं की आवरेना. खाट हलायला लागली, छातीत गुडगुड, डोळ्यांत पाणी, श्वास कुठल्या कुठं. हसता हसता तिला दिसलं की सासूनं काठी दोन्ही हातांनी आवळून धरलीय. म्हातारी घाबरली होती. घाबरली म्हणून बोलत होती. दुसरं काही बोलायला तिला येतच नव्हतं. "आत्या," ज्योत्स्नाबाई दम घेत म्हणाली, "मी बाहेर आले ना, तर तुमच्या हातची भाकर खाईन. पोटभर. अन न्हाई आले, तर सायबाला इचारा आत काय हुतं. येवढं इचाराच. शपत हाय." स्ट्रेचर हललं तेव्हा केशरबाईनं नुसता चादरीचा कोपरा धरला आणि दारापर्यंत धरूनच चालली.

वरचे दिवे एकामागून एक मागं जात होते. गाडीत ती कायम उभी, आज पहिल्यांदा पाठीवर पडून चाललेली. छातीवर ओझं चढत होतं आणि ती त्याला म्हणत होती, चढ, चढून घे, तुझी ही शेवटची फेरी. थंड खोली, हिरवे कपडे, डॉ. चैतालीचे ओळखीचे डोळे. "मोठा श्वास घ्या," कुणीतरी म्हणालं. मोठा श्वास कसा असतो ते तिला माहीतच नव्हतं. तिला घाट दिसला, त्याच्या कठड्यावर बसलेली माकडं दिसली, एक प्रवासी खिडकीतून हात काढून काहीतरी दाखवत होता आणि ती म्हणत होती, हात आत घ्या, हात आत घ्या. मग आवाज तुटला.

परत आली ती तुकड्यातुकड्यांनी. आधी तहान. मग घशातली नळी. मग छातीच्या मधोमध एक आग, डोक्यापासून पायापर्यंत चाललीय असं वाटावं अशी. म्हणजे आपण जिवंत आहोत. त्या आगीच्या मागून तिचं मन एकच प्रश्न घेऊन धडपडत वर आलं. केलं का? दोन्ही केलं का? पण विचारणार कशी? घशात नळी, हात बांधलेले. कुणीतरी कानाशी म्हणालं, "ऑपरेशन छान झालं हं." छान म्हणजे किती छान? एक का दोन? तिनं डोळे फिरवले, बोटं हलवून दोन दाखवायचा प्रयत्न केला. नर्सला वाटलं, बाईला दुखतंय. औषध दिलं, ती पुन्हा बुडाली. बुडतानाही ती आत कान लावून होती. छातीत शांत होतं. जन्मापासून जिथं कुणीतरी पाणी ओतत होतं तिथं आता फक्त एक ठोका होता, आणि पुढं आणखी एक, सारखे, एका लयीत. पण शांत तर पोटही होतं. औषधानं सगळंच झोपलंय, तिला वाटलं, उठलं की चढेल परत. आपल्या नशिबाला कोण फसवणार!

नळी निघाली तरी घसा असा बसलेला की शब्द फुटेना. तशात डॉ. चैताली आली. तिनं स्टेथोस्कोप छातीवर ठेवला, ऐकलं, मान डोलावली. मग खाली, पोटावर ठेवला आणि बराच वेळ तशीच थांबली. ज्योत्स्नाबाई तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. अशी वाट तिनं आयुष्यात कशाची बघितली नव्हती. आणि तेवढ्यात तिला स्वतःलाच कळलं. खाली, पार खाली, बेंबीच्या आसपास, काहीतरी हललं आणि बारीकसं बोललं. गुड. थांबून परत, गुडगुड. डॉ. चैतालीनं मान वर केली, हसली. "ऐकलंत? आलं जागेवर. दोन्ही भोकं बंद झाली, बाई. तुमचं हृदय इतकं शहाण्यासारखं चाललं की प्रियदर्शनी मॅडमना थांबावंच लागलं नाही." ज्योत्स्नाबाई रडली. दुखत होतं, टाके ओढत होते, तरी रडली. मग तिला आठवलं, मोठा श्वास घेऊन बघावा. भीत भीत घेतला. श्वास आत गेला, अजून आत गेला, तिला वाटलं आता अडेल, पण तो आणखी खाली गेला. आत अशी जागा होती आणि ती आपलीच होती, हे तिला शेहेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

वॉर्डात आणल्यावर डॉ. अभिमन्यू राउंडला आले, तेव्हा केशरबाई स्टुलावर बसलेली. ती काठी टेकत उभी राहिली. "सायेब, एक इचारायचंय. हिनं शपत घातलीय." सतीशनं कपाळावर हात मारला. "हिच्या छातीत खरंच आतडं हुतं का? तुमी बघितलं? का मशिनीनं सांगितलं?" डॉक्टर थबकले. असा जाब त्यांना कुणी विचारला नसावा. मग त्यांनी आपला उजवा हात पुढं केला, पालथा-उताणा केला. "आजी, ह्या हातानं बाजूला धरलं मी, आणि प्रियदर्शनी मॅडमनी ओढून खाली घेतलं. वीतभर नाही, चांगलं हातभर. ह्यांनी हे घेऊन इतकी वर्षं नोकरी कशी केली, मला सांगता येणार नाही. जेवून उभं राहणंसुद्धा अवघड गेलं असेल त्यांना." "जेवून," केशरबाई म्हणाली. "हो. पोट भरलं की ते वर दाटणार. उपाशी राहिल्या म्हणूनच निभावलं." "म्हंजी ही उपास धरत नव्हती." "कसला उपास?" "काय न्हाई. घरचं हाय आमचं," केशरबाई म्हणाली आणि खाली बसली.

डॉक्टर गेले. मग म्हातारी सुनेकडं न बघता, समोरच्या भिंतीकडं बघून बोलली. "मी लई बोलले गं तुला. तू कावून ऐकून घेतलंस?" "सांगितलं हुतं की, आत्या. छातीत जातंय म्हणून." "छातीत जातंय म्हणल्यावर कोन इस्वास ठेवील, बाई!" ती उसळून म्हणाली, आणि लगेच तिचा आवाज बसला. "मी ठेवायला पायजे हुता. दुसऱ्या कुणी न्हाई तरी मी. आमच्या बापाला समद्या गावानं येडा म्हणलं हुतं, देव सोडले तवा. तो खरं बोलत हुता. मला म्हाईत हाय ना, खरं बोलणाऱ्या माणसाला कसं येडं करत्यात." तिनं लुगड्याच्या पदरानं नाक पुसलं. ज्योत्स्नाबाईला वाटलं होतं, हा क्षण आला की आपण जिंकल्यासारखं बघू, दोन शब्द सुनावू, इतक्या वर्षांचं उट्टं काढू. जिंकल्यासारखं वाटतही होतं, छाती भरून वाटत होतं. सुनवायचं मात्र काही उरलं नव्हतं. तिनं हात पुढं केला आणि म्हातारीनं तो घट्ट धरला.

आणि त्यानंतर केशरबाईनं जे सुरू केलं त्याला तोड नाही! घरी आल्यापासून येईल त्याला ती धरून सांगू लागली. दूधवाला, मीटरवाला, गल्लीतली सत्यभामा, कुणाला सोडलं नाही. "माझ्या सुनेच्या काळजाला आतडं टेकलं हुतं. हातभर! तशात तिनं घाट चढले, लोकांना तिकिटं दिली. हाय का कुणाची सून अशी?" ऐकणाऱ्याला वाटावं, हे आतडं हिनंच शोधून काढलं. त्रिंबक ड्रायव्हर भेटायला आला तर त्यालाही खडसावलं, "तुमी रोज गाडीत असून तुमाला कळलं न्हाई?" ज्योत्स्नाबाई उशीत तोंड खुपसून हसे. हसलं की टाके दुखत, आणि दुखलं की आणखी हसू येई. पौर्णिमेला तर कहर झाला. विहारातून बाया वंदनेला घरी आल्या, तेव्हा केशरबाईनं सुनेसाठी पहिल्या ओळीच्या मधोमध गादी घातली, पाठीला उशी लावली, आणि बाकीच्यांना काठीनं मागं सरकवलं.

डॉक्टरांनी साधं जेवण सुरू करायला सांगितलं तो दिवस आला. केशरबाई स्वतः चौकटीला धरून उठली, परातीपाशी बसली. ज्वारीचं पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर पाणी फिरवलं. घरभर भाजक्या पिठाचा वास सुटला. येसराच्या पिठाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. सतीश दुकानाला जायचं सोडून दारात टेकून उभा. ज्योत्स्नाबाई पाटावर बसली. पहिला घास तिनं सवयीनं चिमणीचा घेतला आणि थांबली. वाट बघितली. घास खाली गेला. कुठं अडला नाही, कुठं वळला नाही, जिथं जायचा तिथं गेला. दुसरा घास तिनं मोठा घेतला. तिसरा त्याहून मोठा. आमटीत भिजलेली भाकरी, तिखट, गरम, घशाखाली उतरत होती आणि पोटात ऊब पसरत होती. पोट भरणं म्हणजे हे, तर हे असं असतं, लोक रोज हे करतात आणि काहीच कसं म्हणत नाहीत! एक भाकरी संपली. केशरबाईनं दुसरी वाढली, तीही अर्ध्यावर आली. कपाळावर घाम, नाकाला पाणी, बोटं आमटीनं माखलेली. सुनेला कधी दोन घासांपुढं जाताना न बघितलेली म्हातारी आता घाबरी झाली. "बस गं बाई आता. टाके उसवतील. किती खातीस!"

ज्योत्स्नाबाईनं मान वर केली. छातीभर श्वास घेतला, आणि भरल्या तोंडानं, गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "वाढा, आत्या. अजून वाढा!"